पंप कपाटात, किल्ली ऑफिसात

वाचक विचारतात : मुलांची औषधं आणि शाळा

उन्हाळ्याची सुट्टी संपून इंदूरच्या शाळा भरल्या की या विषयावरची पत्रं येऊ लागतात. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. उत्तरांत डोसाचे जे आकडे आहेत ते हिशोब समजावा म्हणून. तुमच्या मुलाचा आकडा मात्र तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचाच धरा.

मुलगा चौथीत आहे, दमा आहे. शाळेत निळा पंप दिलाय, पण तो ऑफिसच्या कपाटात कुलपात असतो. मागे खेळाच्या तासाला त्याला धाप लागली तेव्हा किल्लीवाल्या मॅडम रजेवर होत्या. शाळा म्हणते, औषध मुलाच्या हाती देता येणार नाही. काय करावं?
— एक आई, सुदामानगर

कुलूप तापाच्या, दुखण्याच्या गोळ्यांना असावं. निळा पंप, फिटचा स्प्रे आणि मधुमेही मुलाची साखर या तीन गोष्टींना कुलूप नको. त्या मुलापासून मिनिटभराच्या अंतरावर असल्या पाहिजेत. शाळेची भीती अशी की दुसरं मूल पंप ओढेल. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. दुसऱ्या मुलाने एखादा फवारा घेतला तर थोडी धडधड होईल, हात थरथरतील आणि थोड्या वेळाने सगळं शांत होईल. दम्याच्या मुलाला पंप दहा मिनिटं उशिरा मिळाला तर ते प्रकरण इतक्यावर थांबत नाही. मुख्याध्यापकांना हे याच शब्दांत सांगा.

चौथीतला मुलगा पंप स्वतः सांभाळू शकतो, पण हाताशी स्पेसर (पंपाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, तिच्यातून औषध ओढायचं) असावा आणि बघायला एक मोठं माणूस. म्हणून दोन पंप घ्या. एक दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आणि एक स्पेसरसकट वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात. खेळाच्या तासाला दप्तर वर्गात राहतं आणि धाप लागते मैदानात, त्यामुळे पी.टी. सरांनी मैदानावर जाताना खणातली पिशवी बरोबर न्यायची हेही ठरवून घ्या.

पद्धत अशी. मुलाला बसवा, आडवं करू नका. पंप हलवा, कारण औषध खाली बसतं आणि न हलवता दाबला तर नुसता वायू येतो. पंप स्पेसरला लावून एकदाच दाबा, मुलाला त्यातून पाच-सहा वेळा संथ श्वास घेऊ द्या. मग पुन्हा हलवा, पुन्हा एकदा दाबा. असे सहसा चार फवारे. घाईत लोक दोनतीन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारतात. ते एकमेकांवर आदळून आतल्या भिंतीला चिकटतात आणि छातीत निम्मंही पोचत नाही. चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार द्या आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. मूल एका दमात वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर चार मिनिटं वाट बघण्यातही वेळ घालवू नका, फोन लगेच करा आणि फवारे चालू ठेवा. उतार पडला तरी घरी कळवायचंच. चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पंप रिकामा झालाय की नाही ते पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती सोडून द्या. तिने काही कळत नाही, नळी मात्र तुंबते. डब्यावर फवाऱ्यांची संख्या छापलेली असते, बहुधा २००. आकडा दाखवणारा काउंटर असलेला पंप मिळाला तर उत्तम. पंप बरेच दिवस पडून असेल तर पहिले दोन फवारे हवेत उडवा. स्पेसर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळून काढा आणि तसाच निथळत ठेवा. आतून फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. नवा स्पेसरही याच कारणाने एकदा धुऊन शाळेत द्या.

आणि कागद हिंदीत लिहा. आपल्याकडे घर मराठी, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजी आणि वर्गातल्या दीदी हिंदी, असा तिढा असतो. खणाच्या आतल्या बाजूला चिकटवायला दोन ओळी पुरतात: ‘साँस फूले तो पहले नीला पंप, बाद में फ़ोन। बच्चे को अकेला कहीं मत भेजिए।’ यातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. धाप लागलेल्या मुलाला ‘जाओ, ऑफिस में बता दो’ म्हणून जिना चढायला लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

मुलीला अँटिबायोटिक दिवसातून तीनदा लिहून दिलंय. शाळा सकाळी साडेसात ते दीड. दुपारचा डोस डब्याबरोबर पाठवू का?
— लोकमान्यनगर

नको. तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी, जेवणाच्या घंटेला नव्हे. सकाळी साडेसहाला, शाळेतून आल्यावर अडीचला आणि रात्री झोपताना साडेदहाला दिलं की झालं. शाळेचा संबंधच येत नाही. शाळा दुपारची असेल किंवा दूर असल्यामुळे व्हॅन चारला सोडत असेल, तर डॉक्टरांना विचारा की हेच औषध दिवसातून दोनदा देता येईल का. बऱ्याच औषधांच्या बाबतीत येतं, फक्त ते आपणहून कुणी विचारत नाही.

भुकटीत पाणी घालून करायची अँटिबायोटिकं तर शाळेत पाठवूच नयेत. त्यांतली काही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट हे नेहमीचं उदाहरण, कालवल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी लागतात आणि सात दिवसांनी फेकावी लागतात. दप्तरात पाच तास तापलेली बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली तरी गेलेला गुण परत येत नाही. कालवताना पाणीही अंदाजाने घालू नका. आधी बाटली हलवून भुकटी मोकळी करा, बाणाच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसालाच खूण समजलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमचा जास्त कडक होतो.

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला. वजन २५ किलो. दुपारचं इन्सुलिन शाळेत घ्यावं लागतं. शाळा घाबरते, आम्हीही. साखर कमी झाली तर नेमकं काय द्यायचं? आणि इथल्या उन्हाळ्यात इन्सुलिन टिकतं का?
— राजेंद्रनगर

आधी शाळेचं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं आहे की टाइप वनच्या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं आणि मधल्या वेळी खाऊ द्यावं. दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांनी गोळ्या-चॉकलेट, फळ, पाणी जवळ बाळगायला सीबीएसईने २०१७ पासून परवानगी दिलेली आहे. तेव्हा तुम्ही शाळेकडे मेहेरबानी मागत नाही. तरी बोलणं गोडीनेच करा, रोज मुलीबरोबर असणार आहेत त्या शिक्षिकाच.

साखर कमी होणं म्हणजे साखर मोजायच्या मीटरवर ७० च्या खाली. पण मीटरच्या आधी चेहरा सांगतो. घाम येतो, हात थरथरतात, मूल कारण नसताना चिडतं नाही तर गप्प होतं, वहीतली अक्षरं वाकडी जातात. अशा वेळी ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ म्हणून ओरडा बसतो. वर्गशिक्षिकेला हे एक वाक्य तरी सांगून ठेवा: आमची मुलगी अचानक हट्टी झाली तर आधी साखर बघा. मीटर हाताशी नसेल तर न बघता साखर द्या. साखर कमी नसताना दिली गेली तरी फार बिघडत नाही.

किती द्यायची? मोठ्या माणसाला १५ ग्रॅम सांगतात. मुलांना वजनाच्या हिशोबाने, किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम. २५ किलोला साडेसात, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे साखर अर्धी वाटी पाण्यात. घरीच कागदी पुड्या बांधून ठेवा, प्रत्येकीत दोन चमचे, आणि सहा पुड्या एका डबीत. डबीवर नाव आणि ‘शुगर कम हो तो एक पुड़िया पानी में’. चॉकलेट, बर्फी, पेढा नको, स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी. वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी. पंधरा मिनिटांच्या आत दुसरी, तिसरी पुडी दिली तर दुपारी साखर ३०० वर दिसते आणि दोष इन्सुलिनला जातो.

मूल शुद्धीवर नसेल, आचके देत असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी ग्लुकागॉन (साखर वाढवणारं औषध) दिलं असेल तर ते द्यायची हीच वेळ.

उलट बाजूही शाळेला माहीत हवी. साखर वाढली की मूल सारखं पाणी पितं आणि सारखं लघवीला जातं. त्याला ‘तास संपू दे’ म्हणायचं नाही. साखर जास्त असून उलट्या होत असतील तर लगेच पालकांना बोलवायचं, दवाखाना त्याच तासाला.

आता इन्सुलिन. वापरात असलेलं पेन किंवा कुपी ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि स्कूटरच्या डिकीत त्याहून जास्त असतो. तिथे इन्सुलिन नको. शाळेत फ्रिज नसेल तर छोटं माठासारखं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत वाटी आणि वाटीत प्लास्टिकच्या पिशवीत पेन. वाळू रोज ओली करायची. बर्फाच्या पिशवीला चिकटवून कधी ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन दिसतं तसंच, पण काम करत नाही, आणि हे कळतं ते साखर दोन दिवस चढत राहिल्यावर. टोचून झाल्यावर सुई पेनवरून काढा. तशीच ठेवली तर उन्हात द्रव फुगून गळतो, गार झालं की हवा आत ओढली जाते आणि पुढचा डोस कमी पडतो.

सिरिंज वापरत असाल तर टोपीचा रंग बघा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा मिलीलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजमधलं १०० चं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने इन्सुलिन ओढलं, तर १० च्या खुणेवर २५ युनिट जातात. शाळेत सिरिंज ठेवणार असाल तर एकाच रंगाची ठेवा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून घरी आणा आणि कचरा गाडीला देताना घातक कचऱ्यात वेगळ्या द्या. वर्गाच्या टोपलीत टाकल्या तर सफाईवाल्या ताईंच्या हाताला टोचतील.

नातवाला मिरगीचा त्रास आहे. मी पिशवीत कांदा घालून देते, पण सूनबाई काढून टाकते. शाळेत फिट आली तर दातखीळ बसू नये म्हणून चमचा ठेवावा का?
— एक आजी, रामबाग

आजी, कांदा भाजीत घाला. सूनबाईंचं बरोबर आहे. फिट एक-दोन मिनिटांत बहुधा आपली आपण थांबते. त्याच वेळी कुणी कांदा किंवा चप्पल नाकाशी धरलेली असते, म्हणून श्रेय तिला मिळतं. चमचा तर अजिबात नको. दात तुटतो, तुटका तुकडा श्वासनलिकेत जातो, घालणाऱ्याचं बोटही चावलं जातं. जीभ गिळली जात नाही. फार तर कडेने चावली जाते आणि ती बरी होते.

शाळेत सांगायचं ते इतकंच. घड्याळ बघा. आजूबाजूचे बाक सरकवा. डोक्याखाली स्वेटर नाही तर दप्तर ठेवा, टाय आणि कॉलर सैल करा, कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका. पाणी पाजू नका, तोंडावर शिंपडूही नका. बाकीच्या मुलांना बाहेर न्या. थांबल्यावर मूल गळून झोपतं, ते स्वाभाविक आहे, झोपू द्या. एक माणूस जवळ बसलेलं हवं.

पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली, तर १०८ आणि नाकातला स्प्रे. हा स्प्रे मिडाझोलामचा असतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतो. डोस वजनावर, किलोला ०.२ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम. पण बाजारात एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम देणारी कुपीही आहे आणि १.२५ देणारीही. पहिलीचे आठ फवारे, दुसरीचे तीनच. दुकानदाराने पुढच्या वेळी दुसरी कुपी दिली आणि शाळेच्या कागदावर ‘८ फवारे’ तसंच राहिलं, तर डोस अडीच पट होतो आणि या औषधाने श्वास मंदावू शकतो. म्हणून कागदावर फवाऱ्यांच्या आकड्याबरोबर कुपीवरचा आकडाही लिहा, आणि कुपी बदलली की कागद बदला. निम्मे फवारे एका नाकपुडीत, निम्मे दुसरीत. एकीतच सगळे मारले तर ते घशात उतरतात. स्प्रे दिल्यावर श्वासाकडे बघत राहायचं.

रोजच्या गोळ्या बहुतेक सकाळ-रात्र असतात, त्या घरीच. चुकलेली गोळी हे शाळेत फिट येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. आजी, कांद्याची राखण सोडून गोळ्यांचं कॅलेंडर तुमच्याकडे घ्या, रोज फुली मारा. खेळू द्या त्याला. फक्त पोहायला एकटं नाही आणि दोरावर, झाडावर उंच चढणं नाही.

मी शिक्षिका आहे. पालक गोळी कागदात गुंडाळून डब्यात ठेवतात आणि ‘दुपारी आठवण करा’ म्हणून निरोप देतात. काही जण फोनवर सांगतात, ‘ताप आहे ना, द्या क्रोसिन.’ आम्ही काय घ्यावं, काय नाही?
— विजयनगर

कागदातली गोळी घेऊ नका. तिचं नाव, ताकद, मुदत काहीच दिसत नाही आणि डब्यात ती शेजारच्याची होऊ शकते. औषध घ्यायचं ते मूळ पाकिटात किंवा बाटलीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसकट आणि पालकांच्या सहीच्या कागदासह. कागदावर मुलाचं नाव, वर्ग, फोटो, वजन, औषधाचं नाव, ताकद, किती, कधी, कोणती लक्षणं दिसल्यावर, आणि उचलले जातील असे दोन फोन नंबर. शाळेतली दोन माणसं नेमा, एक रजेवर असेल तेव्हा दुसरं. दिल्याची वही ठेवा: तारीख, वेळ, किती, कुणी दिलं. वेळ लिहिली नाही तर घरी आई तासाभराने तेच औषध पुन्हा देते.

फोनवरच्या क्रोसिनबद्दल. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. ते किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. पण पाच मिलिलिटरमध्ये २५० असलेल्या बाटलीतून हे सहा मिलिलिटर होतं, १२० असलेल्यातून साडेबारा, आणि मिलिलिटरला १०० असलेल्या थेंबांच्या बाटलीतून तीनच. ‘एक चमचा द्या’ या वाक्याचे असे तीन अर्थ होतात. तेव्हा लेखी कागद आधीपासून असेल तर द्या, नसेल तर मुलाला सावलीत बसवा, पाणी द्या, स्वेटर काढा आणि घरी बोलवा. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध बारा वर्षांखालील मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. जुन्या पाकिटातून ते येतं, तर परत पाठवा. खोकल्याचं सिरप शाळेने कुणालाच देऊ नये. २०२५ मध्ये आपल्याच राज्यात छिंदवाड्याकडे दूषित सिरपने मुलं दगावली, आणि साध्या खोकल्याला शाळेच्या पाच तासांत सिरपवाचून काही अडत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करा. बंद वर्गातल्या पत्र्याच्या कपाटात दीड महिना तापलेलं औषध मुदतीत असलं तरी कामाचं नसतं. जूनमध्ये नवी औषधं, नवा कागद आणि नवं वजन. मूल वर्षात दोन-तीन किलो वाढलेलं असतं.

शाळेत जंताची गोळी आणि निळी गोळी देतात. देऊ द्यावी का?
— स्नेहलतागंज

हो. जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची, अख्खी गिळायची नाही. त्या दिवशी मूल तापाने किंवा दुसऱ्या कशाने आजारी असेल तर थांबा, राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा देतात. फिटची औषधं चालू असलेल्या मुलासाठी आधी डॉक्टरांना विचारा. निळी गोळी दहा वर्षांवरच्यांना, आठवड्यातून एक, लोहाची. लहानांना गुलाबी. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला मात्र ती विचारल्याशिवाय नको, हे शाळेला लिहून द्या. रिकाम्या पोटी दिली तर मळमळतं, म्हणून त्या दिवशी डबा आधी संपवायला सांगा. चहा-दूध तासभर टाळा. शौचाचा रंग काळा दिसला तर तो लोहाचा आहे.